एच-वन-बी वर बंदूक घ्यावी का, आणि 'नियम ढिले झालेत' म्हणजे नक्की काय झालंय

सरळ उत्तर आधी देतो, कारण पूर्ण वाचायचा पेशन्स सगळ्यांना नसतो. विचारणारे टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतात, एच-वन-बी वर (कंपनीमार्फत मिळणारा तात्पुरता वर्क व्हिसा) आहेत, आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज) अप्रूव्ह होऊन पडलंय, शेजारच्या गल्लीत सोन्यासाठी देशी लोकांची दोन घरं फुटली म्हणून घरात बंदूक ठेवावी असं डोक्यात आलंय. ऑफिसमधले सांगतायत की ट्रंप आल्यापासून गनचे सगळे नियम ढिले झाले, टॅक्स पण काढला, आणि एक ग्रीन कार्डवाला मित्र म्हणतो तू पैसे दे, मी माझ्या नावावर घेऊन देतो.

मित्राकडून घ्यायची नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

मी इथे गन शॉपवाल्यांच्या रेकॉर्डचं काम बघतो, म्हणजे एटीएफ (दारू, तंबाखू, शस्त्रं, स्फोटकं बघणारी फेडरल एजन्सी) इन्स्पेक्शनला यायच्या आधी फॉर्म तपासायचे, चुका काढायच्या, काउंटरवरच्या पोरांना शिकवायचं. वकील नाहीये, त्यामुळे तुमचं स्टेटस शेवटी इमिग्रेशन वकिलालाच दाखवा. पण बंदूक घेताना दुकानात भरायचा फॉर्म मी इतका बघितलाय की कुठे लोक पाय घसरून पडतात ते सांगू शकतो.

एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा, म्हणजे कायमचं राहायला नाही, तात्पुरतं नोकरी-शिक्षणासाठी दिलेले. फेडरल कायद्यात ज्यांना बंदूकच काय, एक गोळीसुद्धा जवळ बाळगायला बंदी आहे त्या यादीत गुन्हेगार, कोर्टाने मानसिक आजारामुळे अपात्र ठरवलेले, ड्रग घेणारे यांच्यासोबत नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेले लोक पण आहेत. आय-१४० अप्रूव्ह झाल्याने यात काही फरक पडत नाही, प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) जवळ आली म्हणूनही नाही, दहा-बारा वर्षं टॅक्स भरलाय, घर घेतलंय, पोरं इथली सिटिझन आहेत, तरीही नाही. ग्रीन कार्ड हातात आलं की मात्र चित्र पालटतं, मग फेडरल कायद्याच्या नजरेत तुम्ही बऱ्यापैकी सिटिझनसारखेच.

आता अपवाद. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं व्हॅलिड हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर ही बंदी तुम्हाला लागू होत नाही. म्हणजे शिकारीचं लायसन्स काढलं की एच-वन-बी वाला दुकानातून कायदेशीर बंदूक घेऊ शकतो, फॉर्मवर तसा प्रश्नच आहे आणि दुकानदार लायसन्सची कॉपी लावून ठेवतो. ऐकायला भन्नाट वाटतं, आणि आपली मंडळी लगेच म्हणतात अरे मग झालं की काम. थांबा. टेक्सासचं हंटिंग लायसन्स दरवर्षी ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला सकाळी तुम्ही चहा पीत असता, बंदूक कपाटात जिथल्या तिथे असते आणि नवीन लायसन्स काढायचं राहिलेलं असतं, तर त्या दिवसापासून तुम्ही फेडरल गुन्हा करताय. शिक्षा २०२२ नंतर कमाल १५ वर्षं, आधी १० होती. कोणी दार वाजवून सांगायला येत नाही.

आणि दुसरी गोम याहून वाईट आहे. लेऑफ झाला तर एच-वन-बी वाल्याला साधारण ६० दिवसांचा ग्रेस पीरियड मिळतो. त्यात दुसरी नोकरी नाही, स्टेटस बदललं नाही, तर तुम्ही बेकायदा राहताय असं धरतात, आणि त्या लोकांसाठी कायद्यात वेगळं कलम आहे ज्याला हंटिंग लायसन्सचा अपवादच नाही. म्हणजे नोकरी गेली, मॉर्गेज डोक्यावर, रिझ्युमे पाठवतोय, आणि त्यात कपाटातल्या बंदुकीचं काय करायचं हे पण त्याच ६० दिवसांत ठरवायचं. माझं मत विचाराल तर एच-वन-बी वर घेऊ नका, अपवाद असला तरी. खरंच शिकारीला जाणारा असाल तर गोष्ट वेगळी, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून हरणाच्या सीझनला जाणारे देशी लोक मला माहीत आहेत, पण नुसतं कपाटात ठेवायला लायसन्स काढणं म्हणजे इमिग्रेशनच्या टांगत्या तलवारीखाली अजून एक तलवार टांगून घेणं.

हे नुसतं घाबरवायला सांगत नाहीये. रेहैफ नावाची केस आहे, २०१९ ची, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली. यूएईचा मुलगा, फ्लोरिडात एफ-वन वर शिकायला आलेला, मार्क पडले नाहीत म्हणून कॉलेजने काढलं, हा परत गेला नाही. पुढे शूटिंग रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या आणि पकडला गेला, दीड वर्षाची शिक्षा. कोर्टाने नंतर ७-२ ने म्हटलं की आपण बंदी असलेल्या गटात मोडतो हे त्या माणसाला माहीत होतं, हे सरकारला सिद्ध करावं लागेल. चांगला निकाल आहे, पण तुमच्या उपयोगाचा किती? तुम्हाला तर आता माहीत आहे, मीच सांगितलं. आणि त्यातून घ्यायचं ते हे की रेंजवर दुसऱ्याची भाड्याची बंदूक हातात धरणं हे सुद्धा 'पझेशन', म्हणजे बंदूक जवळ बाळगणंच आहे. लाँग वीकेंडला डॅलस-ह्यूस्टनच्या रेंजवर जाऊन गॉगल लावून फोटो टाकणारी आपली ओपीटीवाली (शिक्षण संपल्यावर एफ-वन वरच काम करणारी) पोरं, यातल्या किती जणांच्या खिशात हंटिंग लायसन्स असतं देव जाणे, आणि वर स्वतःच फोटो टाकून पुरावा पण देतात.

आता मित्राची आयडिया. याला इथे स्ट्रॉ पर्चेस म्हणतात. दुकानातल्या त्या फॉर्मवर, फॉर्म ४४७३ वर, अगदी सुरुवातीलाच प्रश्न असतो, ही बंदूक खरी घेणारे तुम्हीच आहात का. यावर २०१४ ची अब्राम्स्की केस आहे, ती मला फार आवडते कारण त्यात वाईट माणूस कोणीच नाही. एक माजी पोलीस, त्याला पोलीस डिस्काउंट मिळेल म्हणून त्याने काकांसाठी ग्लॉक पिस्तूल घेतली, काकांनी चेक दिला होता, काका स्वतः पूर्णपणे कायदेशीर मालक होऊ शकणारे, पुढे ट्रान्सफर पण दुसऱ्या डीलरकडून बॅकग्राउंड चेक करूनच झाली. तरी सुप्रीम कोर्टाने ५-४ ने सांगितलं की फॉर्मवर 'मीच खरा घेणारा' लिहिलंस ते खोटं, गुन्हा झाला. दोघंही स्वच्छ असताना ही गत. तुमच्या केसमध्ये तर ज्याच्यासाठी घ्यायची त्यालाच बंदी आहे, आणि २०२२ च्या कायद्याने अशा व्यवहाराला वेगळा गुन्हा करून १५ वर्षांपर्यंत शिक्षा ठेवलीय. शिवाय शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला ग्रीन कार्डवाला डिपोर्ट होऊ शकतो. मित्र प्रेमाने म्हणतोय, पण त्याला स्वतःलाही माहीत नाहीये तो काय बोलतोय.

बरं, ऑफिसवाले म्हणतात ते 'सगळं ढिलं झालंय'. हे अर्धं खरं आहे.

इथल्या नियमांचे थर आहेत. सगळ्यात खाली काँग्रेसने (इथली संसद, आपली पार्टी नव्हे) केलेले कायदे. १९३४ चा, गँगस्टर लोकांच्या टॉमी गनच्या काळातला, मशीनगन, सायलेन्सर, छोट्या नळीच्या रायफली रजिस्टर करायला लावणारा आणि २०० डॉलर टॅक्स घेणारा. १९६८ चा, केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतरचा, ज्यात डीलरला लायसन्स आणि बंदी असलेल्यांची यादी आली. १९८६ चा, ज्याने त्या वर्षीच्या १९ मे नंतर बनलेल्या मशीनगन सामान्य माणसाला बंद केल्या आणि त्याच कायद्याने देशभरातल्या बंदूकमालकांची सेंट्रल यादी करायलाही मनाई केली. १९९३ चा ब्रेडी कायदा, ज्यातून १९९८ पासून एफबीआयचा बॅकग्राउंड चेक सुरू झाला. आणि मग जवळजवळ तीस वर्षांनी, युव्हाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्यावर, २०२२ चा कायदा. हा थर दगडासारखा आहे, तो हलायला सिनेटमध्ये सहसा ६० मतं लागतात आणि ती क्वचितच जमतात.

काँग्रेस हलत नाही म्हणून प्रत्येक प्रेसिडेंट वरच्या थरात, म्हणजे एटीएफच्या नियमांत, बोटं घालतो. आणि बातम्यांत जे 'नियम बदलले' दिसतं ते नव्वद टक्के याच थरातलं असतं. इथे सामान्य माणसाचे कसे हाल होतात ते ब्रेसच्या भानगडीत मी जवळून बघितलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिस्तूल ब्रेस म्हणजे एआर टाइपच्या पिस्तुलाच्या मागे लावायचा तुकडा, मनगटाला पट्ट्याने बांधायचा, मुळात हात अधू झालेल्या माजी सैनिकांना एका हाताने झाडता यावं म्हणून काढलेला. २०१२ ला एटीएफने पत्र दिलं, हे चालेल. लोकांनी तो खांद्याला टेकवायला सुरुवात केली, २०१५ ला एटीएफ म्हणे खांद्याला टेकवलंत तर ती छोट्या नळीची रायफल झाली. २०१७ ला म्हणे तसं काही नाही, अधूनमधून टेकवलं तर चालतं. तोवर लाखो लोकांनी हे दुकानातून उघड, बिल घेऊन, फॉर्म भरून घेतलेलं. मग जानेवारी २०२३ मध्ये नवा नियम आला की यातल्या बहुतेक सगळ्या आता रायफली, नळी १६ इंचांपेक्षा छोटी असेल तर ३१ मे पर्यंत रजिस्टर करा, नाहीतर ब्रेस काढा, लांब नळी लावा, मोडून टाका किंवा जमा करा. दुकानात त्या महिन्यांत फोन बंद होत नव्हता. निवृत्त म्हातारे, ज्यांनी आयुष्यात स्पीडिंगचं तिकीट घेतलं नसेल, ते टेपने नळी मोजत विचारायचे की मी आता गुन्हेगार का? साधारण अडीच लाख अर्ज गेले, बोटांचे ठसे, फोटो सगळं देऊन. आणि जून २०२४ मध्ये टेक्सासच्या फेडरल जजने अख्खा नियमच रद्द केला. ज्यांनी दुर्लक्ष केलं ते सुटले, ज्यांनी इमानदारीत रजिस्टर केलं त्यांची बंदूक मात्र रेकॉर्डला छोट्या नळीची रायफल म्हणून बसली, आणि तशी बंदूक दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी एटीएफची लेखी परवानगी लागते. कायदा पाळणाऱ्याचाच पोपट झाला, दुसरं काय.

बम्प स्टॉकचं पण तसंच, फक्त तिथे बाजू उलटी. २०१७ ला लास वेगसच्या कॉन्सर्टवर एकाने हॉटेलच्या खिडकीतून गोळीबार केला, ६० जण गेले. बम्प स्टॉकने साधी रायफल मशीनगनसारखी भराभर चालते. तेव्हा ट्रंपच्याच पहिल्या टर्ममध्ये एटीएफने नियम काढून त्याला मशीनगन ठरवलं, मार्च २०१९ पर्यंत नष्ट करा किंवा जमा करा, नुकसानभरपाई शून्य. ऑस्टिनच्या कार्गिल नावाच्या दुकानदाराने दोन जमा केले आणि केस केली, आणि जून २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ६-३ ने म्हटलं की कायद्यात 'ट्रिगरच्या एका क्रियेत' असं लिहिलंय, बम्प स्टॉकमध्ये ट्रिगर प्रत्येक गोळीला परत हलतो, त्यामुळे ती मशीनगन नाही. निकालपत्रात ट्रिगरच्या आतल्या भागांची चित्रं काढून दाखवलीत. बंदी हवी तर काँग्रेसने करावी. मला वैयक्तिक बम्प स्टॉक ही फालतू आणि धोकादायक वस्तू वाटते, पण निकाल कायद्याच्या भाषेला धरून आहे हे मान्य करावं लागतं. आणि हो, फेडरल बंदी गेली तरी कॅलिफोर्निया, न्यू यॉर्कसारख्या राज्यांची स्वतःची बंदी आहेच.

एटीएफचे सगळेच नियम उडतात असंही नाही. घरी जोडायच्या 'घोस्ट गन' किटवरचा २०२२ चा नियम सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये ७-२ ने ठेवला. म्हणून कोणी सांगितलं की कोर्टाने एटीएफला घरी बसवलं, तर मान हलवू नका.

आता टॅक्स. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या मोठ्या टॅक्स बिलात सायलेन्सर, छोट्या नळीच्या रायफली-शॉटगन यांचा तो १९३४ पासूनचा २०० डॉलर टॅक्स १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. मशीनगनवर आहे तसाच. पण टॅक्स गेला, रजिस्ट्रेशन नाही गेलं, अर्ज, ठसे, फोटो, अप्रूव्हल सगळं जिथल्या तिथे. आणि साध्या पिस्तुलाला हा टॅक्स कधीच नव्हता, त्यामुळे तुमचा याच्याशी काडीचा संबंध नाही. डीलर लोकांवरची 'झीरो टॉलरन्स' (ठरावीक चुका सापडल्या की थेट लायसन्स रद्द) पॉलिसी एप्रिल २०२५ ला मागे घेतली, त्याने आमच्या धंद्यातल्या लोकांची झोप जरा सुधारली, एच-वन-बी वाल्याला त्यातून काही मिळालं नाही. बंदी असलेल्यांची यादी १९६८ च्या कायद्यात आहे, व्हिसावाल्यांचं कलम त्यात १९९८ मध्ये घातलं, आणि ते कुठल्या एक्झिक्युटिव्ह ऑर्डरने पुसता येत नाही.

इथे बंदुकांवरून एवढा वाद काय आहे, हे पण त्यांनी विचारलंय. आपल्याकडे १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट, लायसन्स कलेक्टर किंवा पोलीस कमिशनरकडून, कारण सांगा, पोलिसांचा रिपोर्ट येऊ दे, आणि निवडणूक लागली की आचारसंहितेत बऱ्याच परवानावाल्यांनी आपली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायची. हे मी एकदा टेक्सासच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या दृष्टीने मतदानाच्या वेळी सरकारने लोकांच्या बंदुका जमा करून घेणं म्हणजे नेमकी तीच गोष्ट, जी होऊ नये म्हणून १७९१ ला सेकंड अमेंडमेंट लिहिली. आपल्या दृष्टीने ते सरळ शहाणपण आहे, बूथवर राडा नको. इथे बंदूक हा हक्क आहे, कारण सांगावं लागत नाही, तुम्हाला नाकारायचं तर कारण सरकारने द्यायचं.

२००८ च्या हेलर निकालात हा हक्क व्यक्तीचा आहे, फक्त मिलिशियाचा (नागरिकांच्या सैन्यदलाचा) नाही, असं ठरलं. २०२२ च्या ब्रूएन निकालात सांगितलं की बंदुकीचा कुठलाही कायदा टिकायचा तर त्याला अमेरिकेच्या जुन्या इतिहासात आधार दाखवा. तेव्हापासून जज लोक दोनशे वर्षांपूर्वीचे कायदे उकरत बसलेत. यातूनच टेक्सासची रहीमी केस झाली, गर्लफ्रेंडला मारहाण करणाऱ्या, कोर्टाचा मनाई हुकूम असलेल्या माणसाची बंदूक काढता येते का. खालच्या कोर्टाने नाही म्हटलं, १७९१ ला असा कायदा नव्हता म्हणून! सुप्रीम कोर्टाने २०२४ ला ८-१ ने ते फिरवलं, नशीब. १८ ते २० वर्षांच्या पोरांना डीलरने पिस्तूल विकावं का यावर टेक्सासकडच्या अपील कोर्टाने २०२५ ला एक सांगितलं आणि व्हर्जिनियाकडच्याने त्याच वर्षी बरोबर उलटं.

मी दोन्ही बाजूंचे लोक रोज ऐकतो. गन कंट्रोलवाले म्हणतात बॅकग्राउंड चेक कडक करा, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं की दुकानात चेक आधीच आहे, भोक आहे ते दोन खासगी माणसांच्या व्यवहारात, तिथे फेडरल कायदा चेक मागत नाही. गन राइट्सवाले म्हणतात रजिस्ट्रेशन म्हणजे जप्तीची पहिली पायरी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं की इथे बंदुकीचा सातबारा नाहीच. बंद पडलेल्या दुकानांचे फॉर्म वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला जातात, आणि ते नावाने सर्च करता येऊ नयेत अशीच व्यवस्था आहे. गुन्ह्यात बंदूक सापडली तर सीरियल नंबरवरून आधी कंपनी, मग होलसेलर, मग दुकान, आणि मग दुकानातला फॉर्म असं फोन करत जावं लागतं. आणि ज्यावर दोघंही फार बोलत नाहीत ते हे, की २०२१ ला इथे बंदुकीने ४८,८३० लोक गेले त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. घरात बंदूक आणण्याआधी चोराचा विचार सगळे करतात, घरातल्या माणसाच्या वाईट रात्रीचा कोणी करत नाही.

ग्रीन कार्ड आलं की घ्यायची असेल तर फॉर्मबद्दल थोडं. नाव आयडीवर आहे तसंच, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर पूर्ण. काउंटीच्या (जिल्ह्याच्या) रकान्यात आपले लोक हमखास 'यूएसए' लिहितात, कंट्री वाचून, ते कॉलिन किंवा डेंटन वगैरे हवं. सिटिझनशिपच्या रकान्यात घाईत 'युनायटेड स्टेट्स'वर टिक करू नका, सिटिझन नसताना सिटिझन म्हणवणं हे इमिग्रेशनमध्ये जवळजवळ कायमचं दार बंद करणारं प्रकरण आहे. गांजाच्या प्रश्नाखाली ठळक अक्षरात लिहिलंय की तुमच्या राज्यात चालत असला तरी फेडरल कायद्यात तो बेकायदाच, ते वाचा. ड्रग घेणाऱ्यांवरच्या बंदीच्या कलमाची केस पण सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ऐकायला घेतली, पण कोर्टात काय चाललंय त्यावर भरवसा ठेवून फॉर्म भरायचा नसतो, त्या दिवशी छापील फॉर्मवर जे विचारलंय त्याला खरं उत्तर द्यायचं. मग चेकचं उत्तर येतं, प्रोसीड, डिलेड किंवा डिनाइड. डिलेड आलं म्हणून घाबरू नका, बऱ्याचदा नावसाधर्म्य असतं.

एका घरात दोन स्टेटस असतील, म्हणजे बायको सिटिझन आणि नवरा एच-वन-बी, तर बंदूक बायकोची आणि तिजोरीचा कोड फक्त तिलाच माहीत, असं खरोखर असायला हवं. दोघांना कोड माहीत असेल तर ते नवऱ्याचं पण पझेशन धरलं जाऊ शकतं.

तोपर्यंत घरासाठी चांगली डोअर प्लेट, कॅमेरे, अलार्म, आणि मुख्य म्हणजे सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. चोर बहुतेक तुम्ही घरी नसताना येतात, तेव्हा बंदूक त्यालाच मिळते.

आणि ज्यांच्याकडे आधीच कायदेशीर बंदूक आहे त्यांच्यासाठी, रेंजला नेलेली बॅग इंडियाला जाताना वापरू नका. एक सुटं काडतूस अस्तरात राहिलं आणि मुंबईच्या एक्स-रेत दिसलं की आर्म्स अ‍ॅक्ट लागतो, नकळत राहिलं होतं हे पुढे कोर्टात मान्य होतंही, पण तोवर पासपोर्ट, सुट्टी आणि पुण्यातलं लग्न तिन्ही अडकतात. बॅग वेगळीच ठेवा, आणि ठेवलीत तरी निघायच्या आदल्या रात्री सगळे कप्पे उलटे करून झटका.